रोल, दान आणि बेरीज

प्रश्न असा आला आहे : ‘आम्ही काही मित्र नुकतेच डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला शिकतोय. बोलणं सगळं मराठीत, पण दर वाक्यात “रोल” येतो. रोल कर, रोल किती आला, रोलमध्ये तीन मिळव. आणि खेळाचं नावही रोल-प्लेइंग गेम. हा रोल एकच की वेगवेगळे? मराठीत काय म्हणावं? आणि पुस्तकात २डी६ असं छापलेलं असतं, ते वाचायचं कसं?’

नावातल्या रोलचा निकाल आधी लावू. तो म्हणजे भूमिका : खेळात प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो. फाशाचा रोल म्हणजे गडगडणं. इंग्रजीत दोघांचं स्पेलिंग वेगळं आहे, देवनागरीत मात्र दोन्ही ‘रोल’, म्हणून घोटाळा. गंमत अशी की मुळात ते एकाच घरातले. फ्रेंच नाटकमंडळींत नटाचे संवाद कागदाच्या गुंडाळीवर लिहून दिले जात, त्या गुंडाळीच्या नावावरून भूमिकेला तो शब्द मिळाला. आणि गुंडाळी, गडगडणं हे सगळं मागे लॅटिनमधल्या चाकाच्या शब्दापर्यंत जातं. व्युत्पत्ती म्हणून छान, खेळताना उपयोग शून्य. तुम्ही भूमिकेला भूमिका म्हणा आणि मोकळे व्हा.

खरी अडचण दुसऱ्या रोलची आहे. नवख्यांचे नियम कळण्यात जे गोंधळ होतात, त्यातले निम्मे तरी या एका शब्दाच्या पोटी आहेत असं माझं मत. कारण इंग्रजीत हा एकच शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींना वापरतात : फासा टाकण्याची क्रिया, फाशावर दिसणारा आकडा, आणि त्यात अधिक-उणे करून आलेली अखेरची संख्या. मराठीत या तिन्हींना शब्द तयार आहेत. फासा आपण टाकतो. दान पडतं. आणि हिशेब करून येते ती बेरीज. नवीन काही घडवायची गरज नाही.

‘टाकणे’ की ‘फेकणे’ असंही काही जण विचारतात. दोन्ही ऐकू येतात, चूक कुठलंच नाही. पण फेकण्यात जोर आहे, आणि फेकलेला फासा बहुतेक वेळा टेबलाखाली शोधावा लागतो. मी ‘टाकणे’च्या बाजूचा.

क्रियापदांकडे नीट बघा. ‘मी सतरा रोल केले’ असं हल्ली सर्रास बोलतात. मराठीची स्वतःची तऱ्हा आहे ‘मला सतरा पडले’. फासा मी टाकला, तिथे कर्ता मी. पण सतरा मी पाडले नाहीत, ते मला पडले. ‘भूक लागली’, ‘स्वप्न पडलं’ यांच्याच पंगतीतलं हे वाक्य. खेळाचा नियमही नेमका तसाच आहे : काय करायचं हे खेळाडू ठरवतो, आकडा त्याच्या हातात नसतो.

आता दान आणि बेरीज वेगळी का ठेवायची, ते एका प्रसंगावर पाहू. तुमच्या लढवय्याला भिंत चढायची आहे. पाचव्या आवृत्तीच्या नियमांप्रमाणे वीस बाजूंचा एक फासा टाकायचा. लढवय्याचा बळ हा गुण १६ आहे. गुणाच्या आकड्यातून १० वजा करायचे आणि निम्मे करायचे, अर्धा आला तर खालच्या पूर्णांकाकडे जायचं. १६ चे झाले ३. (१५ असते तर २, आणि ९ असतील तर उणे १, हे उणे १ पाहून दर नवा खेळाडू एकदा तरी दचकतो.) शिवाय त्याला अशा कामाची तालीम आहे, त्याचे पहिल्या पातळीवर २. म्हणजे दानात घालायची भर झाली ५. भिंत मध्यम अवघड, तिचा उंबरठा, म्हणजे गाठायचा आकडा, १५. दान पडलं ११, भर ५, बेरीज १६, चढला. दान ९, बेरीज १४, घसरला. दान १०, बेरीज १५, तर? चढला. बरोबरी झाली तरी काम झालं, या खेळात ओलांडलंच पाहिजे असं नाही, गाठलं तरी पुरे.

इथे मी ‘भर’ आणि ‘उंबरठा’ हे शब्द वापरले. पुस्तकातला मॉडिफायर अधिकही असतो आणि उणेही, त्यामुळे ‘भर’ तंतोतंत बसत नाही. पण ‘उणे एकची भर’ बोलताना फारसं खटकत नाही, आणि कुणाला खटकलंच तर त्याने मॉडिफायर म्हणावं, माझं काही म्हणणं नाही. उंबरठ्याला ‘काठिण्यपातळी’ हा प्रश्नपत्रिकेतला शब्द सुचवलेला मी पाहिला आहे. अर्थाने बरोबर, पण पाच जण टेबलाभोवती बसून बोलत असताना तो जड जातो. सोपं काम १०, मध्यम १५, अवघड २०, जवळजवळ अशक्य ३०, एवढं लक्षात ठेवलं की भागतं.

आता त्या प्रसिद्ध विसाकडे येऊ. ‘नॅचरल ट्वेंटी’ पडली की टेबलावर आरडाओरडा होतो. हा नॅचरल म्हणजे दानच वीस, भर न घालता. मी त्याला ‘निव्वळ वीस’ म्हणतो. दान १५ आणि भर ५ मिळून बेरीज वीस झाली तर ते निव्वळ वीस नव्हे. शत्रूवर वार करताना निव्वळ वीस पडले तर समोरच्याचं चिलखत कितीही भक्कम असो, वार लागतोच आणि इजेचे फासे दुप्पट टाकायचे. निव्वळ एक पडला तर वार हुकलाच, तुमची भर कितीही असो. पण हा नियम वाराचा आहे. भिंत चढणं, कुलूप उघडणं, राजाला पटवणं अशा कामांना तो लागू नाही. तिथे निव्वळ वीस पडले, भर ५, बेरीज २५, आणि उंबरठा ३० असेल तर काम झालेलं नाही. कित्येक गटांत तिथेही वीस म्हणजे हमखास यश असं धरून चालतात. घरचा नियम म्हणून करा की, पण तो पुस्तकातला नव्हे. आता ‘रोल वीस आला’ या वाक्यावरून दान वीस की बेरीज वीस हे कळतं का पाहा. कळत नाही. ‘दान वीस’ म्हटलं की वाद मिटला.

२डी६ कडे वळू. पहिला आकडा फासे किती ते सांगतो, डी म्हणजे फासा, शेवटचा आकडा त्या फाशाला बाजू किती ते. म्हणजे सहा बाजूंचे दोन फासे टाका आणि दानांची बेरीज करा. दोन ते सहा असा पल्ला नव्हे, दोन गुणिले सहाही नव्हे. मराठी वळण ‘सहाचे दोन फासे’ असं उलट जातं, म्हणून सुरुवातीला अडखळायला होतं. बोलताना ‘दोन डी सहा’ म्हणा. एकाच फाशाला ‘डी-वीस’, ‘डी-आठ’. ‘डी-ट्वेंटी’ म्हणण्यात वावगं काही नाही, पण आकडे मराठीतून बोलले की बेरीजही मराठीत होते आणि निदान मला तरी ती लवकर जमते.

‘षट्कोनी फासा’ मात्र म्हणू नका. षट्कोन ही सहा कोनांची सपाट आकृती. फाशाला सहा बाजू आहेत, त्यातली प्रत्येक चौकोनी. ‘सहा बाजूंचा’ किंवा हौस असेल तर ‘सहापैलू’. संचात ४, ६, ८, १०, १२ आणि २० बाजूंचे फासे असतात. यातला दहाचा सोडून बाकी पाचही भूमितीतले सुप्रसिद्ध नियमित घनाकार आहेत. दहाचा फासा त्या कुळातला नाही, पण शेकड्याच्या हिशेबाला तोच लागतो : एक फासा दशकाचा, एक एककाचा, आणि दोन्हींवर शून्य आलं की शंभर. चाराच्या फाशाची आणखी एक गंमत, तो टोक वर करून बसतो, त्यामुळे ‘वरची बाजू’ नसतेच. काहींवर आकडा टोकाशी छापलेला असतो, काहींवर तळाच्या कडेला. जो सुलटा दिसतो तो वाचायचा.

दोन डी सहा आणि एक डी बारा यांत काय फरक, दोन्हींत जास्तीत जास्त बाराच ना? पाचव्या आवृत्तीत दोन हातांनी पेलायच्या मोठ्या तलवारीची इजा २डी६ आहे आणि मोठ्या कुऱ्हाडीची १डी१२, त्यामुळे हा प्रश्न अगदी पहिल्याच दिवशी येतो. बाराच्या फाशावर प्रत्येक आकड्याला सारखीच संधी, बारात एक, सरासरी साडेसहा. दोन फाशांवर मात्र सात पडायचे सहा मार्ग आहेत (१-६, २-५, ३-४ आणि त्यांच्या उलट) आणि बारा पडायचा एकच, तोही छत्तीसात. सरासरी सात, आणि १ हा आकडा तर पडूच शकत नाही. तलवार भरवशाची, कुऱ्हाड लहरी. तीन फाशांवर हे आणखी ठळक होतं. जुन्या रीतीत पात्राचे गुण ३डी६ टाकून ठरत. २१६ शक्यतांत १८ फक्त एकदा, तर १० आणि ११ प्रत्येकी २७ वेळा. म्हणून मामुली पात्रं भरपूर निघत. पुढे चार फासे टाकून सगळ्यात लहान दान गाळायची पद्धत रुळली. तिची सरासरी साडेदहावरून सव्वाबाराच्या आसपास जाते. ‘ड्रॉप द लोएस्ट’ला ‘गाळणे’ हा चपखल शब्द आहे, जरूर वापरा.

‘अ‍ॅडव्हांटेज’ला ‘फायदा’ म्हटलेलं मला पटत नाही. फायदा म्हटलं की काहीतरी अधिक मिळवायचं असं वाटतं आणि नवा खेळाडू विचारतो, ‘किती फायदा?’ इथे मिळवायचं काही नसतं. वीसचे दोन फासे टाकायचे आणि मोठं दान धरायचं. डिसअ‍ॅडव्हांटेज असेल तर लहान धरायचं. म्हणून ‘वरचं धर’ आणि ‘खालचं धर’. सूचना आणि नियम दोन्ही त्यातच आले. वरच्याच भिंतीवर हिशेब करा : एका फाशावर चढायची शक्यता ५५ टक्के, वरचं धरलं तर जवळपास ८०, खालचं धरलं तर ३०. आणि तीन कारणांनी वरचं धरायला मिळालं तरी फासे दोनच. एक वरचं नि एक खालचं आलं तर दोन्ही रद्द, साधा एक फासा टाकायचा.

बाकीचे शब्द झटपट. सेव्हिंग थ्रो म्हणजे बचावाचं दान. डॅमेज ही इजा. डंजन मास्टर म्हणजे खेळ चालवणारा, त्याला ‘सूत्रधार’ कुणी सुचवला मला माहीत नाही, पण इतकं नेमकं नाव क्वचितच मिळतं. इनिशिएटिव्हचं ‘पुढाकार’ हे भाषांतर शब्दकोशातून उचललेलं दिसतं, ते टाळा; लढाईत कोणाची पाळी केव्हा एवढंच तिथे ठरत असतं, ‘पाळी लावू या’ म्हटलं की सगळ्यांना कळतं.

‘चांगलं दान पडलं’ म्हणताना एक पथ्य. मोठं म्हणजे चांगलं हे सगळीकडे खरं नाही. कॉल ऑफ क्थुलू या १९८१ पासूनच्या भयखेळात शेकड्याचं दान आपल्या कौशल्याच्या आकड्याइतकं किंवा त्याहून कमी पडावं लागतं. तिथे ९८ पाहून टाळ्या वाजवणाऱ्याला बाकीचे कीव केल्यासारखे बघतात. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ चा, त्याच्याही सुरुवातीच्या पुस्तकांत चिलखताचा आकडा जितका कमी तितकं चिलखत भक्कम असे. २००० साली तिसऱ्या आवृत्तीने ते सुलटं केलं आणि ‘वीसचा फासा टाका, भर घाला, उंबरठा गाठा’ हे एकच सूत्र बहुतेक सगळ्या कामांना लावलं. एखाद्या मित्राकडे जुनं पुस्तक असेल तर आधी साल बघा.

फाशाच्या रूपांबद्दल वेगळं कुणी विचारलं नाही, पण सांगून ठेवतो : एक फासा, दोन फासे, फाशावर, फाशांनी. संस्कृत ‘पाशक’वरून हा आला, गळ्यातला फास ‘पाश’वरून, आणि फाशी त्या बाजूची. त्यामुळे ‘दोन फाशी टाक’ हे ऐकायला भयंकर आणि व्याकरणालाही धरून नाही.

आणि फासा पुस्तकाला टेकून तिरका राहिला तर? त्याला ‘फासा कलला’ म्हणतात, आणि कललेलं दान बहुतेक गट धरत नाहीत, पुन्हा टाकतात. टेबलावरून खाली पडलेल्याचं काय, यावर मात्र गटागटांत एकमत नाही. ते सूत्रधाराने पहिल्याच बैठकीत, कुणाचे वीस खाली पडायच्या आत, ठरवून टाकावं.