वाचक विचारतात : खाण, करार आणि सड्यावरची फुलं

प्रश्न : आमच्या भागातल्या बॉक्साइट खाणीची कंपनी एका निसर्गसंस्थेशी करार करते आहे. जेवढं नुकसान होईल तेवढं दुसरीकडे भरून देऊ, असं म्हणतात. असं खरंच होतं का? (दापोली तालुका)

होतं, पण क्वचित, आणि हिशेब कडक ठेवला तरच. मादागास्करमधल्या अंबाटोवी या निकेल-कोबाल्ट खाणीचं उदाहरण घ्या. तिथे सुमारे 2,000 हेक्टर जंगल तुटलं. बदल्यात कंपनीने तोडीचा धोका असलेली दुसरी जंगलं राखायला घेतली. बाहेरच्या अभ्यासकांनी 2022 मध्ये हिशेब मांडला, तेव्हा वाचवलेलं जंगल तुटलेल्याच्या बरोबरीला येत असल्याचं दिसलं. मात्र ज्यांची फिरती शेती त्या जंगलांत होती, त्यांना झळ बसली.

मादागास्करमध्येच रिओ टिंटो या खाण कंपनीच्या इल्मेनाइट (टायटॅनियमचं खनिज) खाणीने निसर्गाला ‘निव्वळ फायदा’ करून देऊ असं सांगितलं होतं. कंपनीने ते धोरण 2016 मध्ये सोडलं आणि सल्लागार समितीतल्या तज्ज्ञांनी राजीनामे दिले. म्हणून करारात पहिल्यांदा हे शोधा : कंपनी मागे हटली तर संस्थेच्या हातात काय उरतं?

हिशेबही समजून घ्या. समजा 1,000 हेक्टर जंगल राखायला घेतलं. तिथे वर्षाला 1 टक्का तोड होत होती, ती 0.4 टक्क्यावर आली. म्हणजे वर्षाला वाचलं 6 हेक्टर. सगळे 1,000 नव्हेत. खाणीत 100 हेक्टर गेलं असेल तर भरपाईला साधारण 17 वर्षं लागतील. ज्या जंगलाला मुळात धोकाच नव्हता, ते राखल्याचं श्रेय शून्य. आणि तोडणारे शेजारच्या डोंगरावर गेले, तर तिथली तोडही वजा करायची. ‘अमुक हेक्टर संरक्षित’ एवढंच छापणारा अहवाल बाजूला ठेवा.

तुमच्याकडच्या सड्याची, म्हणजे उघड्या कातळपठाराची, गोष्ट याहून अवघड आहे. जांभ्याच्या कातळावर माती जेमतेम बोटभर, तीही खळग्यांत. पावसाळ्यात पाणी साचतं, तेवढ्या तीन-चार महिन्यांत सीतेची आसवं, गेंद, दीपकाडी ही रानफुलं उगवून, फुलून, बी टाकून मोकळी होतात. पाणी धरून ठेवतो तो वरचा कडक थर. बॉक्साइट काढताना तोच फुटतो. नंतर खड्डा भरून झाडं लावली तर झाडं येतील, सडा येणार नाही. इथे भरपाईची भाषाच लागू पडत नाही. वगळणं हा एकच मार्ग. चांगल्या संस्थेने खाणपट्ट्यातले असे तुकडे नकाशावर आखून खोदकामातून वगळून घ्यावेत.

आणखी एक. पर्यावरण आघात अहवालासाठी सहसा पावसाळा सोडून एकाच हंगामाची माहिती गोळा करतात. एप्रिलमध्ये सडा पाहिला तर ‘ओसाड जमीन’ असाच शेरा पडणार. जून ते ऑक्टोबर पाहणी झाली का, हे लेखी विचारा.

प्रश्न : खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यावर दरवर्षी रोपं लावतात, दरवर्षी वाहून जातात. काय चुकतं? (सत्तरी, गोवा)

क्रम चुकतो. आधी पाणी, मग गवत, मग झाड.

ढिगाऱ्याला पायऱ्या हव्यात आणि एकंदर उतार 28 अंशांपेक्षा कमी. प्रत्येक पायरी किंचित आतल्या बाजूला कलती ठेवून पाणी आतल्या चरातून काढायचं. ते कडेवरून सांडलं की घळ पडते आणि एका पावसात अख्खी पायरी जाते. पायथ्याला दगडी बांध, भोवती चर आणि पुढे गाळ बसायचा खड्डा. तो पावसाआधी, आणि पावसातही, उपसला नाही तर लाल पाणी थेट शेतात.

उतारावर काथ्याची जाळी अंथरून वाळा किंवा स्थानिक गवत लावा. मुळं जोरदार सरींआधी धरायला हवीत. झाडं पुढच्या वर्षी : धायटी, करंज, आवळा, बांबू.

खोदण्याआधी काढलेली वरची माती कुठे गेली, हेही पाहा. ती दोन मीटरपेक्षा उंच रचून वर्षानुवर्षं ठेवली तर आतली हवा तुटते, बी आणि मुळांना मदत करणारी बुरशी मरते. शक्य तितक्या लवकर नव्या उतारावर पसरणं उत्तम.

ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र टाळा. तीन वर्षांत हिरवं दिसतं म्हणून ती सगळ्यांना आवडते. पण खाली पाल्याचा जाड, न कुजणारा थर साचतो आणि देशी रोप वर येत नाही.

प्रश्न : खाण कंपनी आणि निसर्गसंस्था यांच्या कराराची कोणती कागदं ग्रामसभेने मागावीत? (वाचक, सिंधुदुर्ग)

खोदकामाआधीची प्रजातींची यादी, वगळलेल्या तुकड्यांचा नकाशा, संस्थेला पैसे कोण आणि कसे देतं याचा तपशील, पाहणी अहवाल कंपनीच्या परवानगीशिवाय जाहीर करता येतील असं कलम, आणि खाण बंद झाल्यावर देखभाल कोण करणार, तिचा निधी आधीच वेगळा ठेवलाय का, याचं उत्तर. शेवटच्या मुद्द्यावर बहुतेक करार गप्प असतात. तिथेच अडून बसा.