फंड मिळतो, पण प्रवेशाबरोबर नाही

बाबू, तुझा मेसेज पोचला. बारावी कॉमर्स झालं, नागपूरच्या एजंटानं कॅनडातल्या एका विद्यापीठाचं पत्रक दाखवलं, त्यात 'विद्यार्थी खऱ्या पैशाचा फंड चालवतात' असं छापलंय, आणि घरी तुझे बाबा दोन एकर विकायला काढायच्या गोष्टी करून राहिले. जाऊ का, असं विचारतोस. मी राळेगावकडचीच, २०१९ ला इकडे कॅनडात आले, शेवटचं वर्ष अशाच एका फंडात काढलं. म्हणून जरा लांब लिहिते.

पत्रक खोटं नाही. अमेरिकेतल्या टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठात १९७३ पासून, कॅनडात व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात १९८६ पासून पोरं खरे शेअर घेतात-विकतात. पैसा बहुतेक देणगीचा असतो. नफा फंडाचा, तुझ्या खिशात काही येत नाही. एजंटानं एक सांगितलं नसेल: विद्यापीठात नंबर लागला म्हणजे फंडात लागला असं नाही. आधी एक-दोन वर्षं साधं बीकॉम, मग अर्ज, मुलाखती, आणि अख्ख्या वर्गातून बोटांवर मोजण्याइतकी पोरं निवडतात. मी पहिल्या खेपेला बाद झाले होते.

आत गेल्यावर काम काय? एक कंपनी निवडायची, तिचे ताळेबंद चाळायचे, पुढच्या पाच वर्षांचा पैसा किती येईल याचा एक्सेलमध्ये अंदाज बांधायचा, आणि बाजारात मुरलेल्या माणसांच्या समितीपुढे उभं राहायचं. मी खताची कंपनी निवडली. म्हटलं, युरिया-डीएपी तर आपल्या घरचाच विषय. वीस मिनिटं धडाधड बोलले. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाईंनी एवढंच विचारलं, "भाव कितीवर आला की तू चुकलीस असं समजून विकशील?" तो आकडा माझ्याजवळ नव्हता. ठराव नापास.

ते २०२२-२३ चं साल होतं. आधल्या हंगामात कापूस क्विंटलला बारा हजारांच्या वर गेलेला, म्हणून बाबांनी त्या वर्षीचा सगळा माल घरातच ठेवला. व्हिडिओ कॉलवर मागे छतापर्यंत गंजी दिसायची, आई हात खाजवत बोलायची. मे महिन्यात सात हजारांच्या आसपास विकला. घेताना सगळेच हुशार असतात. कधी विकायचं ते घ्यायच्या आधीच कागदावर लिहून ठेवायचं, एवढं मी त्या वर्षात शिकले. ते शिकायला कॅनडाच लागतं का? नाही. पण फंडात दर आठवड्याला कोणीतरी तोंडावर विचारतं.

आता पैसा. फी वेगळी, त्याशिवाय शिकायच्या परमिटसाठी एकट्या माणसाचा वर्षाचा राहण्याचा खर्च २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावा लागतो (क्युबेकचा हिशेब वेगळा), म्हणजे चौदा-पंधरा लाख. कॉलेज सुरू असताना बाहेरचं काम आठवड्याला २४ तास. त्यातून किराणा सुटतो, फी नाही. चार वर्षांच्या डिग्रीनंतर सहसा तीन वर्षांचं वर्क परमिट मिळतं, पण फंडात काम केलं म्हणून फंडातच नोकरी लागेल असं काही नाही. मी आज एका पेन्शन कंपनीच्या हिशेब खात्यात आहे.

आणखी एक. अकरावीला गणित सोडून एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) तर घेतलं नाहीस ना? इथल्या बऱ्याच चांगल्या कॉमर्स कॉलेजांत बारावीच्या गणिताशिवाय अर्जच पुढे सरकत नाही, आणि एजंट हे फीचा पहिला हप्ता भरल्यावर सांगतात.

सध्या असं कर. विद्यापीठाला स्वतः ईमेल टाकून विचार: फंडात यंदा किती पोरं घेतली, अर्ज किती होते, बाहेरदेशची त्यात किती? आणि तुझी मार्कशीट व एजंटानं दिलेला फीचा कागद मला व्हॉट्सअ‍ॅप कर. बाबांना सांग, तोवर सातबारा कपाटातच राहू द्या.