गॅलरीतला झेंडा अडकून फाटू नये म्हणून

आपण विचारले आहे की, रंकाळ्याकडे तोंड असलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत लावलेला ३ बाय २ फुटांचा तिरंगा दोनच दिवसांत ग्रीलला अडकून हिरव्या पट्ट्याच्या कोपऱ्यात फाटला, तर पुढच्या वेळी तो कसा लावावा आणि फाटलेल्याचे काय करावे.

नुसत्या वाऱ्याने झेंडा इतक्या लवकर फाटत नाही. वारा त्याला ज्या वस्तूवर नेऊन घासतो, ती वस्तू त्याला फाडते. म्हणून काठी बसवण्याआधी झेंड्याचा घेर मोजावा. आपल्या झेंड्याचा कर्ण साधारण ३ फूट ७ इंच भरतो आणि वारा पडला की वरच्या गाठीपासून जवळपास तेवढे कापड खाली लोंबते. तेव्हा त्या गाठीच्या चहूबाजूंना आणि खाली ४ फुटांत ग्रील, कपडे वाळत घालायची तार, कुंडी किंवा बोगनवेलीची फांदी यांपैकी काहीही नको. गॅलरीत एवढी मोकळीक बहुधा मिळत नाही. अशा वेळी काठी लांब करण्यापेक्षा झेंडा लहान घेणे मला बरे वाटते. ध्वजसंहितेच्या प्रमाणित आकारांत ४५० बाय ३०० मिलिमीटरचाही एक आहे आणि त्याला २ फूट जागा पुरते.

जागा ठरली तरी लगेच झेंडा लावू नये. जुन्या चादरीचा त्याच मापाचा तुकडा काठीला बांधावा, आसपासच्या सगळ्या कडांना ओला खडू घासून ठेवावा आणि एक दिवस वारा खाऊ द्यावा. कापड जिथे जिथे टेकले असेल तिथला खडू त्यावर उमटतो. हा उद्योग मी पहिल्या वर्षी केला नव्हता आणि ग्रीललाच दोष देत बसलो होतो. दुसऱ्या वर्षी खडूने दाखवले की, खरा गुन्हेगार वरच्या पत्र्याच्या शेडमधून बाहेर आलेला अर्ध्या इंचाचा बोल्ट होता. त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवून बांधला आणि प्रश्न मिटला.

दुसरे दुखणे म्हणजे झेंडा काठीला गुंडाळला जाणे. गुंडाळलेला झेंडा पुढच्या झोताने हिसका देऊन सुटतो आणि त्या हिसक्यात शिवण उसवते. यावर सोपा उपाय असा की, स्टीलच्या गुळगुळीत काठीवर ती सैल बसेल अशी पीव्हीसी नळी चढवावी, नळी खाली घसरू नये म्हणून तिच्याखाली पाइपला लावतात तसली क्लिप आवळून वर एक वॉशर ठेवावा, आणि झेंडा काठीला न बांधता वर-खाली दोन्हीकडे त्या नळीला बांधावा. वारा फिरला की नळी फिरते. नळीच्या कापलेल्या कडा मात्र पॉलिश पेपरने घासून घ्याव्यात, नाहीतर त्याच कापडाला चावतील. जोतिबाच्या यात्रेत सासनकाठी चहूबाजूंच्या दोऱ्यांनी तोलून धरतात आणि आपण मात्र गॅलरीतली काठी एकाच खिळ्याच्या भरवशावर सोडतो. ती किमान दोन ठिकाणी पक्की करावी. काठी तिरकी बाहेर काढणार असाल तर केशरी पट्टा काठीच्या बाहेरच्या टोकाकडे यायला हवा.

३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीपासून पॉलिएस्टरचा आणि यंत्रावर केलेला झेंडाही चालतो, आणि कोल्हापूरच्या ऑगस्टमध्ये बाहेर लावायला तोच सोयीचा, कारण खादी भिजली की जड होते आणि शिवणीवर ओढ येते. विकत घेताना मोकळ्या, म्हणजे फडफडणाऱ्या कडेची शिवण पाहावी. तिथे एकच टीप असेल तर घरी आणखी दोन मारून घ्याव्यात. २०२२ पासून घरावरचा झेंडा रात्रीही ठेवता येतो, पण पश्चिमेचा पाऊस थेट अंगावर घेणाऱ्या आपल्या गॅलरीत तो सूर्यास्ताला उतरवून, पूर्ण सुकवूनच घडी घालावी, असे माझे मत आहे.

आता फाटलेल्याविषयी. नुसती टीप उसवली असती तर ती पुन्हा मारता आली असती. कापडच फाटले आहे, आणि कोपरा कापून दुमडला तर ३:२ हे प्रमाण बिघडते; शिवाय फाटका ध्वज लावण्यास संहितेची मनाई आहे. तो कचऱ्यात टाकू नये किंवा पुसायला वापरू नये; घरातच, खासगीत, अख्खा ध्वज शक्यतो जाळून आदराने विसर्जित करावा.