महापालिकेच्या कामाचा जाब सामान्य पुणेकराने कसा विचारायचा? नगरसेवक गाठावा की अर्ज करावा?

अर्ज करावा. नगरसेवकाला भेटू नका असं मी म्हणत नाही, पण आधी कामाचे कागद हातात घ्या आणि मग भेटा. तुम्ही प्रश्नाच्या खाली लिहिलंय की ‘ओळख नसेल तर पुण्यात काहीच होत नाही असं सगळे सांगतात’. हेच वाक्य मी आमच्या घरात वर्षानुवर्षं ऐकत आलेय, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आमच्या गल्लीचा फुटपाथ चांगला होता. जुने ब्लॉक घासले होते, पण एकही हलत नव्हता. आर्थिक वर्ष संपायच्या आत निधी खर्ची टाकायचा, म्हणून मार्चमध्ये ते उखडले, ट्रॅक्टरमध्ये भरून नेले आणि त्या जागी नवे लाल-पिवळे ब्लॉक बसवले. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ते खचले. चेंबरची झाकणं वर, आजूबाजूचे ब्लॉक खाली आणि मध्ये पाणी. शेजारच्या आजी तिथेच पडल्या, त्यांचं मनगट मोडलं. तक्रार नोंदवली तर थोड्याच दिवसांत ‘निराकरण झाले’ असा मेसेज आला. प्रत्यक्षात कोणी फिरकलंसुद्धा नव्हतं.

तेव्हा नगरसेवक नव्हतेच. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झालं थेट १५ जानेवारी २०२६ ला. मुदत संपायच्या आत निवडणूक झालीच पाहिजे, असं घटनेच्या कलम २४३-यू मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना आणि कोर्टाच्या तारखा यांत जवळपास चार वर्षं गेली. स्थायी समितीचे अधिकारही प्रशासकाकडे, म्हणजे आयुक्तांकडे, आणि मुख्य सभेचेही त्यांच्याचकडे. अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा माणूस एकच असेल तर सभागृहात उभं राहून विचारणार कोण? मला याचा अजूनही राग येतो. त्याहून जास्त राग येतो तो याचा, की एवढ्या मोठ्या शहराने हे मुकाट्याने चालवून घेतलं.

आमचे भाऊजी, म्हणजे माझे दीर, यांचा सल्ला ठरलेला असतो. ‘वहिनी, कागद कसले रंगवताय? माजी नगरसेवकांना फोन लावतो, तासाभरात माणूस येईल.’ माणूस आला असता हे मलाही मान्य आहे. चार घमेली खडी टाकून गेला असता आणि पुढच्या पावसात पुन्हा फोन लावावा लागला असता. मी बँकेत नोकरी केली आहे. व्हाउचरशिवाय रुपयासुद्धा सुटत नाही हे रोज बघितलंय. फुटपाथचे पैसे ठेकेदाराला मिळाले असतील तर त्याचा कागद कुठेतरी असणारच, आणि तो मला बघायचा होता.

तेव्हा सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात अर्ज न करता फाइल बघता यायची. पुण्यात ही पद्धत आधीपासून होती, २०१८ मध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढून ती इतरत्रही लागू केली. मी ज्या कार्यालयात गेले तिथे ‘साहेब साइटवर आहेत, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे आहे’ हेच दरवेळी ऐकलं. मग माहिती अधिकारात अर्ज दिला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. मागितलं एवढंच: वर्क ऑर्डर, एस्टिमेट, मोजमाप पुस्तिकेची त्या कामाची पानं, अंतिम बिल आणि दोषदायित्व कालावधी (काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत) किती ते. तीस दिवसांत उत्तर आलं नाही. वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं. सुनावणीला गेल्यावर कागद निघाले. एरवी पानाला दोन रुपये पडतात, पण मुदत उलटल्यामुळे कलम ७(६) प्रमाणे सगळ्या प्रती फुकट द्याव्या लागल्या. हे कलम लक्षात ठेवा, ते आपणहोऊन कोणी सांगत नाही.

मोजमाप पुस्तिका, म्हणजे तिथले सगळे जिला एमबी म्हणतात ती, हाच खरा कागद. लांबी, रुंदी, जाडी, सगळं तिच्यात असतं आणि तिच्यावरून बिल निघतं. आमच्या एमबीत गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग लांबी धरली होती. गल्लीत सहा सोसायट्यांची फाटकं आहेत आणि प्रत्येक फाटकापुढे काँक्रीटचा उतार आहे. तिथे एकही ब्लॉक नाही. वजावट शून्य. ब्लॉकची जाडी लिहिली होती ८० मिमी. शेजारच्या काकांनी खचलेल्या जागेतला एक सुटा ब्लॉक उचलून ओट्यावर आडवा ठेवला, नातवाच्या कंपासपेटीतली पट्टी त्याला टेकवली आणि मी फोटो काढला. पट्टीवर सहा सेंटिमीटर.

फोटो, एमबीच्या प्रती आणि फाटकांची टेपने घेतलेली मापं जोडून सहायक आयुक्तांना पत्र दिलं, एक प्रत दक्षता विभागाला. दोन्हीकडे आवक क्रमांकाचा शिक्का घेतला. पावसाळ्यानंतर ठेकेदाराने खचलेला सगळा पट्टा स्वखर्चाने उकरून पुन्हा बसवला, कारण कामाचा दोषदायित्व कालावधी चालू होता. फाटकांपुढच्या जागेची रक्कम त्याच्या अनामतीतून वळती केल्याचं लेखी कळवलं. जाडीच्या मुद्द्यावर मात्र आजतागायत उत्तर नाही. त्याबद्दलच्या माहिती अर्जाचं दुसरं अपील माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे पडून आहे.

भाऊजी अजूनही म्हणतात की नगरसेवक असता तर हेच काम पावसाळ्यातच झालं असतं. झालंही असतं. पण फाटकांचे पैसे परत आले नसते, कारण ते गेलेत हे कोणाला कळलंच नसतं. आणि ओळखीने झालेल्या कामाची परतफेड मतदानाच्या वेळी मागितली जाते, हे त्यांनीच मला एकदा जेवताना सांगितलं होतं. आपण कर भरतो. आपल्याच फुटपाथसाठी कोणाच्या उपकाराचं ओझं डोक्यावर का घ्यायचं?

आता नगरसेवक आले आहेत. ४१ प्रभाग, १६५ जागा, म्हणजे एका प्रभागात चार जण, एका ठिकाणी पाच. माझं स्पष्ट मत आहे की चार सदस्यांची पद्धत हात झटकायला सोयीची आहे, हा त्याच्याकडे बोट दाखवतो आणि तो ह्याच्याकडे. म्हणून चौघांनाही एकच पत्र द्या, एमबीच्या प्रती जोडून, आणि चौघांकडूनही पोच घ्या. कागद समोर असला की ‘बघतो, सांगतो’ म्हणून वाटेला लावणं त्यांना जड जातं.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी लिहिलंय ते फुटपाथ, गटार, गल्लीतला रस्ता अशा कामांपुरतं. जमिनीचे व्यवहार किंवा मोठी बांधकामं यांच्या मागे एकट्याने लागू नका. तळेगाव दाभाड्यात माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० ला खून झाला, ते जमिनीचेच घोटाळे बाहेर काढत होते. तशा विषयात संघटनेच्या नावाने अर्ज करा. दुसरं म्हणजे, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम बदललं आहे आणि त्याचा आधार घेऊन माहिती नाकारली जाऊ शकते. ठेकेदाराला सरकारी पैशातून दिलेलं बिल ही त्याची खासगी बाब नाही, हे अपिलात ठामपणे मांडा.

आणि अर्ज करण्याआधी तुमच्या रस्त्याचं काम कोणत्या वर्षी झालं ते शोधा. दोषदायित्व कालावधी संपत आला असेल तर माहितीची वाट बघत बसू नका, काम खराब असल्याचं पत्र त्याच आठवड्यात देऊन त्यावर शिक्का घ्या. मुदत संपल्यावर ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घेणं फार अवघड होतं.