जुना हिशोब, आजच्या भावाने

प्रश्न : ताई नमस्कार. बडोद्यातूनच लिहितोय, वय ४९, मकरपुरा जीआयडीसीत नोकरी, घरी बायको आणि बारावीतली मुलगी, वरून बघितलं तर सगळं ठीक आहे. २००२ साली मी रावपुऱ्यात एसटीडी-पीसीओ आणि झेरॉक्सचं दुकान टाकलं. डिपॉझिटला पैसे कमी पडत होते, दादा म्हणाला वर्षभर थांब, मी ऐकलं नाही, भांडलो. मग आईने तिच्या पाटल्या मोडल्या, चार तोळ्यांच्या. स्वतः सोनाराकडे गेली, मला बाहेर स्कूटरपाशी थांबवलं. घट कापून साडेअठरा हजार आले. दुकान दीड वर्षात बंद पडलं. आई २०११ मध्ये गेली, पाटल्यांचा विषय तिने कधी काढला नाही, दादानेही नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या तळमजल्यावर कमरेपर्यंत चढलं, ते ओसरल्यावर आईची ट्रंक उघडली तर आत सोनाराची पावती. गुजरातीत छापलेली, खाली आईची मराठीत सही. बाकीची शाई पसरलीय, सही तेवढी तशीच आहे. तेव्हापासून पावती माझ्या पाकिटात. रोज रात्री मोबाइलवर सोन्याचा भाव बघतो आणि चार तोळ्यांचा हिशोब करतो, मग झोप लागत नाही. बायको म्हणते झालं गेलं विसरा, फाडून टाका ती पावती. फाडवत नाही. दादा सुभानपुऱ्यात राहतो, गणपती-दिवाळीला भेटतो, इकडचं तिकडचं बोलणं होतं. यातून सुटायचं कसं?

उत्तर : पावती फाडू नका. हे आधी सांगून टाकते, बाकीचं सावकाश बोलू. तुमच्या बायकोचं चुकलं असं नाही, ती बिचारी रोज रात्री तुमच्या तोंडावर मोबाइलचा उजेड बघत पडलेली असणार, पण हे ‘विसरा’ प्रकरण मला आजवर कळलेलं नाही, ठरवून विसरता आलं असतं तर मी आधी माझी नणंद विसरले असते.

तुमच्या पत्रात मी अडले ती सोन्याच्या भावावर. २००२ मध्ये दहा ग्रॅमचा भाव पाच हजारांच्या आसपास होता, आज तो लाखाच्या वर आहे. म्हणजे आईने दिले साडेअठरा हजार आणि तुम्ही स्वतःवर गुन्हा लावलाय चार लाखांच्या वरचा, आणि उद्या भाव चढला की गुन्हा पण चढणार, तुम्ही काहीही न करता! असा हिशोब सावकार तरी करतो का हो? आईने जे दिलं ते त्या दिवसाच्या भावाने दिलं, आणि तुम्ही जे ठरवलं तेही त्या दिवसाच्या अकलेने ठरवलं.

आता त्या दिवसाची अक्कल काय होती ते आठवा जरा. एसटीडी बूथ म्हणजे तेव्हा चालता धंदा होता. मी स्वतः दांडिया बाजारात रात्री दर उतरायची वाट बघत रांगेत उभी राहिलेय, नागपूरला बहिणीला फोन लावायचा म्हणून, समोर मीटरवर बिलाचे लाल आकडे पळत असायचे आणि माझं अर्धं लक्ष बहिणीकडे, अर्धं त्या आकड्यांकडे. दुकानदार पावती फाडून द्यायचा, तीसुद्धा आम्ही ठेवायचो. आणि मग २००३ उजाडलं, मोबाइलचं इनकमिंग फ्री झालं, हँडसेट स्वस्त झाले, आणि भाजीवाल्याच्या खिशातसुद्धा फोन आला. गावोगावचे बूथ ओस पडले. तुमचं एकट्याचं नशीब फुटकं नव्हतं, तुम्ही अख्ख्या धंद्याच्या शेवटच्या गाडीत चढलात इतकंच.

आज तुम्हाला वाटतं ‘मला तेव्हा कळायला हवं होतं’. यावर बारुख फिशहॉफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा १९७५ चा एक प्रयोग आहे, मला फार आवडतो. त्याने लोकांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा लढाईची माहिती वाचायला दिली. काहींना सांगितलं इंग्रज जिंकले, काहींना सांगितलं गुरखे जिंकले, काहींना वेगळंच. मग विचारलं, नुसत्या माहितीवरून काय होईल असं वाटलं असतं? ज्याला जो शेवट सांगितला होता त्याला तोच जास्त शक्य वाटला, आधीपासूनच दिसत होता म्हणे! शेवट कळला की सुरुवात बदलते, सगळ्यांचीच. तुम्ही २००२ मधल्या स्वतःला २००४ मधलं दुकानाचं बंद शटर दाखवून शिव्या घालताय.

पण थांबा, सगळं माफ असं काही मी म्हणत नाहीये. तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. सोन्यावर तुम्ही भरभरून लिहिलंय, घट कापल्याचंसुद्धा. आणि दादाशी काय झालं त्यावर एकच शब्द, ‘भांडलो’. बस? काय बोललात तेव्हा? माझा अंदाज आहे की खरं टोचणारं तिथे आहे आणि पाटल्या त्याच्यावर पांघरूण घालून बसल्यात, कारण सोन्याचा हिशोब करता येतो आणि बोललेल्याचा येत नाही.

आईच्या बाबतीत मात्र एक गोष्ट तुम्ही बघतच नाही आहात. तिने तुम्हाला बाहेर का थांबवलं? पाटल्या तिचं स्त्रीधन, नवऱ्याचं नाही, मुलांचं नाही, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ नेही बाईच्या मालकीचं ते पूर्ण तिचंच. ती आत गेली, भाव केला असेल, घट जास्त लावतोय म्हणून सोनाराशी हुज्जत घातली असेल, सही केली आणि पैसे घेऊन बाहेर आली. तो तिचा व्यवहार होता. तुम्ही गेली दीड-दोन वर्षं त्याची चोरी करून टाकलीय, स्वतःला चोर ठरवायच्या नादात त्या माउलीचा निर्णयच काढून घेतलात तिच्या हातातून. आणि पावती ठेवली म्हणजे मनात धरून ठेवलं असंही नाही. आमच्या आईच्या ट्रंकेत विकलेल्या शिवणयंत्राची पावती होती, मोडलेल्या घड्याळाची होती, आजोबांच्या चष्म्याच्या नंबराचा कागद होता. त्या पिढीच्या बायका कागद फेकत नसत.

तर करायचं काय. या रविवारी दादाकडे जा. सणाच्या दिवशी नको, घर भरलेलं असतं आणि वहिनी चकल्या पुढे करत बसतात. सकाळी जा, पावती बरोबर न्या, पैशांचं पाकीट मात्र अजिबात नेऊ नका, तुम्हाला तो मोह होणार हे मला इथूनच दिसतंय. पैसे पुढे केलेत की दादा ‘अरे असू दे’ म्हणेल आणि विषय तिथेच मिटेल, म्हणजे मिटणार नाही. पावती दाखवा आणि एवढंच म्हणा की दादा, तू थांब म्हणाला होतास, मी ऐकलं नाही आणि तुला नको ते बोललो. मग गप्प बसा. ‘पण तेव्हा परिस्थिती अशी होती’ वगैरे लगेच सुरू करू नका, तो वीस वर्षं बोलला नाहीये, त्याला वेळ लागेल. कदाचित चिडेल. कदाचित म्हणेल कुठल्या पाटल्या, मला तर आईने सांगितलंच नव्हतं. कदाचित सगळं माहीत असेल, आणि कदाचित नुसता उठून चहा टाकेल. यातलं काहीही झालं तरी तुमचं सांगून झालेलं असेल.

आईला सांगता येत नाही, तिथे लिहा. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये कॉलेजच्या मुलांना मनात खोल रुतलेल्या गोष्टीवर रोज १५ मिनिटं, सलग चार दिवस लिहायला लावलं, आणि पुढच्या काही महिन्यांत त्या मुलांच्या डॉक्टरकडच्या खेपा कमी झाल्या. नंतर यावर खूप काम झालं, फायदा दिसतो पण थोडाच, चमत्कार नव्हे, आणि लिहून झाल्या झाल्या जास्तच जड वाटतं, त्याला घाबरू नका. शुद्धलेखन बघू नका. वहीत ‘आई’ म्हणून सुरू करा आणि त्या स्कूटरपाशी उभं असताना काय वाटत होतं तिथून लिहा.

सोन्याच्या भावाचं नोटिफिकेशन आजच बंद करा. आणि झोपेचं इतके दिवस चाललंय ते डॉक्टरांना दाखवा, नाहीतर १४४१६ वर फोन करा, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठी गुजराती जे जमेल त्यात बोलता येतं. ‘मी काय वेडा आहे का’ असं म्हणू नका, माझ्याकडे लिहिलंत तेव्हा म्हणालात का?

पावती पाकिटात ठेवू नका मात्र, घड्या पडून सहीवरच फाटेल. दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून फाइलमध्ये ठेवा.

प्रश्न : ताई, मी ३१ वर्षांची. परस्पर संमतीने घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली, आता माहेरी, कारेलीबागेत. गरब्याला ज्या मैदानात आम्ही जायचो तिथेच सासरचे सगळे येतात, म्हणून दोन नवरात्री मी घरात काढल्या. यंदाही आई म्हणते नको, लोक बोलतील. जाऊ का?

उत्तर : जा ना! बडोद्याच्या गरब्यात हजारो माणसं अनवाणी गोल फिरत असतात, त्यात कोण कुणाला धरून बसतंय. समोर आलेच तर पुढच्या टाळीला ते पुढे गेलेले असतील आणि तूही. आईला म्हणावं, बोलणारे लोक मी घरी बसले तरी बोललेच की, दोन वर्षं.

पहिल्या रात्री मात्र एकटी जाऊ नकोस, दोघी-तिघी मैत्रिणी ने, आणि उगाच पहिल्याच दिवशी मधल्या रिंगणात घुसू नकोस, दोन वर्षांत सवय मोडलीय, दम लागेल. चनियाचोळी लग्नातली आहे म्हणून घालायची की नाही असं वाटत असेल तर नवी घे, पण आईने शिवलेली एखादी असेल तर तीच घाल. आणि घरी आल्यावर पाय कोमट मिठाच्या पाण्यात घाल, नाहीतर दुसऱ्या दिवशी जाववणार नाही.