फेब्रुवारी ते एप्रिल या काळात निफाड भागातलं हवामान शेतीला कसं असतं? पुढचा अंदाज कसा घ्यायचा?

तुम्ही पुण्यात नोकरी करता, निफाड तालुक्यात तीन एकर घ्यायचा विचार आहे आणि वसंतात इकडची हवा कशी असते, यंदा काय अंदाज आहे, असं विचारलंय. मी याच तालुक्यातला. दोन एकर द्राक्षबाग, दीड एकर उन्हाळ कांदा, खाण्यापुरता गहू. वसंत आमच्याकडे कॅलेंडरातच असतो. वावरात माघाची थंडी, शिमग्याचं आभाळ आणि चैत्राचं ऊन असतं.

आकडे आधी सांगून टाकतो. फेब्रुवारीत दुपारी साधारण 30-31 अंश, पहाटे 11-12. मार्चमध्ये दुपार 35 च्या आसपास, एप्रिलमध्ये 37-38. मालेगाव-नांदगावकडे गेलात तर चाळिशी पार. हिवाळ्यात निफाडचा पारा पेपरात येतो ना, तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा. ती थंडी कधीकधी फेब्रुवारीतही मागे वळून येते. गव्हाला ती हवीच असते. फेब्रुवारी लवकर तापला की गहू घाईने पिकतो आणि दाणा बारीक राहतो.

पण या सरासरीवर जमीन घेऊ नका. आमचं वर्ष बुडतं ते एखाद्या दुपारच्या अर्ध्या तासात, आणि ती दुपार नेमकी सगळं वावरात उभं असताना येते. द्राक्षं तोडणीला, कांदा पोसायला, गहू सोंगणीला.

मार्च 2023 मधली गोष्ट. बागेचा सौदा झालेला, साखर उतरलेली. व्यापारी म्हणाला, उद्या सकाळी मजूर लावतो. संध्याकाळी पाचच्या सुमारास चांदवडच्या डोंगराकडून आभाळ काळवंडत आलं आणि वीसेक मिनिटं झोडपून गेलं. गारा फार मोठ्या नव्हत्या, हरभऱ्याएवढ्या. सकाळी बाग लांबून बघितली तर काही झालंय असं वाटत नव्हतं. घड हातात घेऊन उलटा केला तेव्हा दिसलं: देठाजवळ मण्याला केसाएवढी चीर, आणि चिरेतून रस. दुपारपर्यंत त्यावर चिलटं. व्यापाऱ्याने एक घड उलटा केला, दुसरा केला, बोटं रुमालाला पुसली आणि म्हणाला, "भाऊ, आता बेदाण्याला द्या." त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता, तरी काढला. बांधापलीकडे चुलत्यांची बाग आहे, तिथे गारेचा एक दाणा पडला नव्हता. गारपिटीचा पट्टा असाच अरुंद असतो. अख्ख्या तालुक्याच्या अंदाजावरून आपल्या गटाचं, म्हणजे आपल्या जमिनीच्या तुकड्याचं, काही कळत नाही.

हे होतं कशाने? या दिवसांत उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेच्या लाटा, जात असतात, त्यांची गार हवा वरच्या थरातून दक्षिणेला आपल्यापर्यंत पोचते. खाली जमीन तापलेली. त्यात बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून बाष्प आलं की ढग दुपारनंतर सरळ उंच चढतो आणि गारा घेऊन उतरतो. 2014 मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात हेच दिवसामागून दिवस चाललं होतं. आणि हे फक्त शिमग्यातच होतं असंही नाही: 26 नोव्हेंबर 2023 ला निफाडच्या बागांनी भर कार्तिकात गारा खाल्ल्या.

आता अंदाजाचं. यंदाचा एप्रिल कसा जाईल हे मला विचारू नका, आणि "तारीख लिहून ठेवा" म्हणणाऱ्या यूट्यूबवाल्यांनाही विचारू नका. हवामान खात्याचा महिन्याचा अंदाज तापमान आणि पाऊस सरासरीपेक्षा जास्त की कमी असं ढोबळच सांगतो. पाण्याची तजवीज करायला तो पुरे. दर गुरुवारी पुढच्या काही आठवड्यांचा अंदाज निघतो, त्यावर तोडणी मागे-पुढे करायचा विचार होतो. खरा कामाचा तो पाच दिवसांचा कृषी सल्ला, मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. मेघदूत ॲपवर बघता येतो. विजेसाठी दामिनी ॲप. आणि गारांचं म्हणाल तर शेवटच्या तीन तासांचा इशाराच धरायचा.

माझी स्वतःची एक खूण आहे. बागेत थर्मामीटर टांगलाय. पहाटेचा आकडा एकाच रात्रीत चार-पाच अंशांनी चढला, दव पडलं नाही आणि वारा पूर्वेचा झाला, की मी फवारणीचं नियोजन पुढे ढकलतो आणि काढलेल्या कांद्यावर ताडपत्री टाकायला माणूस सांगून ठेवतो. दहातले चार वेळा उगाच धावपळ होते. होऊ दे.

कांद्याचं थोडक्यात. उन्हाळ कांदा डिसेंबर-जानेवारीत लावतात, मार्चअखेरपासून काढतात. निम्म्याहून जास्त पातींच्या माना पडल्या की काढायचा, पातीखाली झाकून वावरातच सुकवायचा. नेमका या सुकवणीत पाऊस झाला तर कांदा वरून छान दिसतो, साठवणीच्या चाळीत भरतो, आणि जूनमध्ये वास सुटतो. भिजलेला कांदा चाळीत घालू नका, मिळेल त्या भावाला लासलगावला नेऊन मोकळे व्हा. पीक विमा काढला असेल तर नुकसान कळवायची मुदत आणि नियम आधीच विचारून ठेवा. फोटो त्याच दिवशी काढा, पंचनाम्याची वाट बघत बसू नका.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरच्या माणसाला सुचत नाही. एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी होते. त्यानंतरच्या महिना-दोन महिन्यांत काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होतो, आणि त्याला कडक ऊन लागतं. म्हणजे ज्या उन्हाला आपण शिव्या देतो त्यावरच पुढच्या वर्षीची द्राक्षं असतात. 2025 च्या मे महिन्यात पावसाने ठाणच मांडलं, मान्सूनही 25 मेलाच राज्यात दाखल झाला. लोकांना थंड वाटलं, बरं वाटलं. ऑक्टोबरला छाटणी केल्यावर माझ्या निम्म्या काड्यांवर घड जिरून नुसत्या बाळ्या, म्हणजे वेलीचे ताणे, निघाल्या. कोणत्याही पंचनाम्यात हे नुकसान बसत नाही.

जमिनीबाबत एवढंच बघा: पालखेड डाव्या कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाळीने सुटणारं पाणी, त्या गटापर्यंत पोचतं का, आणि शेवटचं कधी आलं होतं. हे विकणाऱ्याला न विचारता शेजारच्या बांधावर विचारा. बघायला यायचंच तर जानेवारीत येऊ नका, तेव्हा सगळं निफाड हिरवंगार असतं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात या, दुपारी दोनला, आणि आधी विहिरीत वाकून बघा.