नरकासुराच्या बॅनरसाठी जुन्या अंतराळपटांसारखा जाड, चौकोनी फॉन्ट मराठीत कोणता आहे?

मंडळाचा यंदाचा नरकासुराचा पुतळा रोबोट आहे, बॅनरला ऑर्बिट्रॉन हा फॉन्ट लावला, इंग्रजी झकास दिसतं पण मराठी भलतंच येतं, असं तुम्ही लिहिलंय. ऑर्बिट्रॉनमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत, त्यामुळे संगणक तिथे दुसराच कुठलातरी फॉन्ट घुसडतो. मी गोव्यात फोंड्याला डिझाइनचं काम करतो; दिवाळी जवळ आली की असली कामं येतच असतात.

टेको बोल्ड, म्हणजे टेको फॉन्टचा जाड प्रकार, घ्या. इंडियन टाइप फाउंड्रीचा आहे, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. गोलाई दाबून चौकोनाकडे नेलेली, आणि मराठी-इंग्रजी दोन्ही एकाच वळणाची. खालच्या बारीक मजकुराला, म्हणजे वर्गणीदार, स्थळ वगैरे, त्यांचाच राजधानी चालेल. कोणी बालू सुचवेल. फॉन्ट छान आहे, पण गुबगुबीत. त्यात नरकासुर लाडोबा दिसेल.

टेको अरुंद आहे, आणि इथेच घोळ होतो. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये बाजूची मधली खूण धरून अक्षर आडवं ताणलं जातं. तुमच्या डोळ्यांसमोर जे रुंद 'अंतराळी' अक्षर आहे त्याचं मूळ बहुतेक युरोस्टाइल या इंग्रजी फॉन्टमध्ये सापडेल. इटलीतल्या तुरीनच्या नेबिओलो या छपाईचे टाइप बनवणाऱ्या फाउंड्रीसाठी आल्दो नोवारेझे यांनी तो १९६२ साली काढला. त्याआधी १९५२ मध्ये त्यांनी आणि अलेस्सांद्रो बुत्ती यांनी मायक्रोग्रामा केला होता, त्यात फक्त कॅपिटल अक्षरं होती. त्यातला 'ओ' जुन्या टीव्हीच्या पडद्यासारखा: चौकोन, पण कोपरे घासलेले. युरोस्टाइलची रुंद आवृत्ती मुळातूनच रुंद रेखाटलेली आहे, म्हणून तिच्या उभ्या-आडव्या रेघांचा तोल राहतो. आपण ताणलं की उभे दांडे फुगतात आणि शिरोरेषा होती तेवढीच राहते. 'नरकासुर' ताणून बघा. 'का'मध्ये 'क'चा दांडा आणि काना असे दोन जाडजूड खांब शेजारी उभे राहतात, वरची रेघ मात्र किरकोळ, आणि सगळा यांत्रिकपणा गेला. रुंदी हवी तर शब्द मोठा करा, दोन ओळींत तोडा.

दोन ओळी केल्यात तर 'सु'चा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकत नाही ना, एवढं पाहा. इंग्रजी अक्षरं सुटी-सुटी केलेली या शैलीत शोभतात. मराठीत तेच केलं की शिरोरेषेला फटी पडतात. मागून एलईडी लावणार असाल तर बोल्डपेक्षा एक पायरी हलकं वजन, म्हणजे कमी जाडी, घ्या. चतुर्दशीच्या आदल्या रात्री लोक स्कूटरवरून गावोगावचे नरकासुर बघत फिरतात. उजेड पसरला की 'क'च्या पोटातली पोकळी लांबून बुजते.

आणि फाईल छपाईला कर्व्ह करूनच द्या, म्हणजे अक्षरांचे आकार करून, मग फॉन्ट लागत नाही. नाहीतर, दुकानातल्या संगणकावर टेको नसला तर तुमचा रोबोट विंडोजच्या साध्या मंगल फॉन्टमध्ये उभा राहील.